आलोशियसची खाज

सातिवलीच्या गाळ्यात बरण्यांची झाकणं तपासता तपासता आलोशियसची बावीस वर्षं गेली, आणि या बावीस वर्षांत त्याने एकच गोष्ट जिवापाड लपवली. तो क्रूसाची खूण करायचा.

आता नाव आलोशियस, राहणार उमेळे, नाताळात अख्ख्या गाळ्याला केक वाटणार. तो ख्रिस्ती आहे हे गाळ्यातल्या मांजरालाही ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि चारचौघांत कपाळाला हात लावणं वेगळं. कामाला लागला त्या पहिल्या आठवड्यात त्याने जेवणाआधी खूण केली, तेव्हा समोर बसलेला फोरमन म्हणाला, "काय रे, डास मारतोस?" सगळे खो खो हसले. पुढे फोरमन रिटायर झाला, वारला, त्याच्या फोटोला हार चढला, पण आलोशियसचा धसका उतरला नाही. त्यात हल्ली मोबाइलवर कुणाचा व्हिडिओ कुठे फिरेल आणि कोण काय अर्थ काढेल, नेम नाही.

म्हणून त्याने युक्ती काढली होती. कपाळाचा घाम पुसायचा, छाती जराशी खाजवायची, मग डावा खांदा, मग उजवा. सकाळी मशीन चालू होताना, डबा उघडताना आणि सुटताना. झाली खूण. देवाला कळलं, गाळ्याला नाही.

गाळ्याला वाटलं, याला खाज आहे.

शेजारच्या मशीनवरचा बळीराम खाडीकाठच्या शेतकरी घरातला, मनाने लोणी. तो दर दोन-तीन महिन्यांनी कडुलिंबाच्या तेलाची बाटली आणायचा. "लाव रे. लाजतोस काय? माझ्या मावशीला पन होती, बरी झाली." आलोशियस निमूट घ्यायचा आणि घरी त्याची बायको फ्लॉसी ते तेल दारांच्या बिजागऱ्यांना घालायची. इतकी मुकी दारं उमेळ्यात दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

असं सगळं नीट चाललेलं असताना ऑक्टोबर आला. फादरनी प्रवचनात सांगितलं, या महिन्यात प्रत्येकाने निदान एका परक्या माणसाला आपल्या श्रद्धेबद्दल सांगायचं आणि त्याचं नाव हिरव्या चिठ्ठीवर लिहून द्यायचं. फ्लॉसी चर्चच्या त्यांच्या झोनची, म्हणजे आसपासच्या वस्तीची, प्रमुख. बिस्किटाचा रिकामा डबा घेऊन ती घरोघर फिरली आणि पंधरा दिवसांत एकतीसपैकी तीस चिठ्ठ्या जमवून आली. एकतिसावी तिच्या स्वतःच्या घरात अडली.

"अहो, त्या फर्नांडिसांच्या म्हातारीने रिक्षावाल्याला सांगितलं. ऐकायला कमी येतं तिला, तरी सांगितलं. तुमचं काय?"

"बघतो गं. दमलोय."

"एका वाक्याला कसलं दमायचं?"

न बोललेल्या वाक्यानेच माणूस जास्त दमतो, हे आलोशियसला सांगता आलं नाही.

त्याच आठवड्यात गाळ्यात कॅमेरे बसले. झाकणं लोणच्याच्या बरण्यांची, आणि ती घेणाऱ्या कंपनीची माणसं महिनाअखेर स्वच्छता तपासायला येणार होती. नवा सुपरवायझर कल्पेश विरारच्या चंदनसारहून यायचा, जेमतेम तिशीतला, स्वच्छतेचं वेड डोक्यात गेलेला. त्याने आलोशियसला केबिनमध्ये बोलावून स्क्रीन दाखवला. सोमवार सकाळ: कपाळ, छाती, डावा, उजवा. सोमवार दुपार: कपाळ, छाती, डावा, उजवा. मंगळवार, बुधवार, सगळं ओळीने जोडलेलं, जरा फास्ट केलेलं. आलोशियस माकडासारखा दिसत होता.

"काका, सीरियसली विचारतो. हे काय आहे?"

हाच तो क्षण. परका माणूस समोर, दार बंद, स्वतःहून विचारतोय. फ्लॉसीने नवस बोलून मागितली असती तरी अशी संधी मिळाली नसती. आलोशियसने तोंड उघडलं.

"खाज," तो म्हणाला.

झालं. कल्पेशने त्याला झाकणांवरून काढून मागच्या गोदामात खोके मोजायला बसवलं. पाण्याचा पेला वेगळा, जेवायला बाक वेगळा. डॉक्टरने भिंग घेऊन त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "अहो, तुमची कातडी जाहिरातीत घ्यावी अशी आहे." ते कल्पेशला पटलं नाही. जुनी खाज आत लपते, असं त्याने मोबाइलवर वाचलं होतं.

आणि मग गाळ्याला खाजायला लागलं.

आधी बळीरामला. साहजिकच होतं, बावीस वर्षांचा शेजार. मग पॅकिंगच्या कमळीला, मग तिच्या दोन्ही बाजूंच्या बायकांना. खाज म्हणजे काय, ती कशी खाजवतात, हे ते सगळे एकाच माणसाकडे बघून शिकलेले. त्यामुळे खाज उठायची तीही ठरलेल्या वाटेने. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. गोदामाच्या दारातून आलोशियस बघत होता. जेवणाची घंटा झाली आणि हळदी-कुंकवाच्या, तुळशीमाळेच्या, ताईत घातलेल्या चौदा माणसांनी एका दमात क्रूसाची खूण केली. पोप आला असता तर त्यालाही गहिवरून आलं असतं.

आता तर खरं बोलायची सोयच उरली नाही. काल बोलला असता तर डास मारणारा ठरला असता. आज बोलला तर चौदा जणांना बाटवणारा ठरेल, आणि पुरावा कॅमेऱ्यात.

आठव्या दिवशी कल्पेशने खरजेचं पांढरं औषध बादलीभर आणलं आणि रंगाचा नवा ब्रश. पुरुष या बाजूला, बायका त्या बाजूला, मानेपासून पायापर्यंत. बळीराम सदरा काढून रांगेत पहिला उभा होता. आलोशियसला त्याच्यामागे उभं केलं होतं. बळीराम हळूच म्हणाला, "आज एकदाचं होऊन जाऊ दे. आठ दिस नातीला उचलली नाय मी. दोन महिन्यांची पोर. झोळीत रडते, नि मी दारातून बघतो. माझं तिला लागलं तर?"

आलोशियसने त्याच्या उघड्या पाठीकडे पाहिलं. नखांचे लाल ओरखडे होते. त्याला एकदम फार थकल्यासारखं झालं. पळत सुटलेल्या माणसाला बस मिळत नाही तेव्हा तो जसा मधेच थांबतो, तसा तो थांबला.

"ब्रश ठेव, कल्पेश," तो म्हणाला. "मला खाज नाय. कधीच नव्हती. ती क्रूसाची खून आहे. प्रार्थना करतो मी. लपवून करतो."

कल्पेशने ब्रश बादलीत ठेवला.

बळीराम वळला. "बावीस वर्षं?"

"हो."

"आनि माझं तेल?"

"दारांना."

बळीरामच्या तोंडून एक अस्सल शिवी गेली. मग त्याने सदरा घातला, बटणं चुकवली, पुन्हा लावली. "आमी कधी तुला नाय बोललो का? मी नारळ फोडतो मशीनवर, तू लपवलास का माझा नारळ? काय मागतोस एवढं चोरून?"

"मागत नाय फार. सकाळी म्हनतो, आज कुनाचा हात मशीनमध्ये जाऊ देऊ नको. डबा उघडताना म्हनतो, मिळालं, बरं झालं. सुटताना काय सुचत नाय, दमलेला असतो. नुसतं सांगतो, मी आहे अजून. तो पन तेवढंच सांगतो."

"कोन?"

"येशू," आलोशियस म्हणाला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. छताचा पत्रा पडला नाही.

"तुझ्या मोतीबिंदूच्या वेळी तुझं नाव घेत होतो," तो पुढे म्हणाला. "आठवडाभर."

कमळी म्हणाली, "मग आमाला काय होतंय?"

"ऑक्टोबर होतंय," बळीराम म्हणाला. "आनि अक्कल कमी." बायका हसल्या.

हसला नाही तो एकटा कल्पेश. "म्हणजे आठ दिवस अख्खी पॅकिंग लाइन कॅमेऱ्यात... काका, हे बाहेर गेलं तर मी काय सांगू?" त्याने त्याच क्षणी केबिनमध्ये जाऊन सगळं रेकॉर्डिंग पुसलं. बादली मागच्या गोदामात गेली. खाजच नाही म्हटल्यावर आलोशियसला परत झाकणांवर घेतलं.

संध्याकाळी त्याने 'सांगितलं' म्हटल्यावर फ्लॉसीने हिरवी चिठ्ठी आणि पेन पुढे केलं. "कुणाला सांगितलं?"

"चौदा जनांना. पंधरा, कल्पेश धरून."

"इथे एकच रेघ आहे हो."

त्याने रेघेवर 'बळीराम' लिहिलं आणि न जेवता आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी जेवणाची घंटा झाली. डबे उघडले, पण कुणी घास उचलला नाही. सगळे त्याच्याकडे बघत होते. उघड्यावर, सावकाश, घाम न पुसता खूण करायची सवयच मोडली होती. आलोशियसने कपाळाला हात लावला, मग छातीला, मग गडबडून उजव्या खांद्याकडे नेला.

"आधी डावा," बळीराम म्हणाला. "आठ दिस करतोय, पाठ झालंय मला. आवर, भाकरी निवते."