आमच्या गावात मोताद कुणी नाही

पिस्त्याची तोडणी ऐन भरात, आणि बाबा झाडाखाली घोरत होते. त्या दिवशीचं भांडण तिथून पेटलं.

नने, म्हणजे माझी आई, काठीनं फांद्या हाणत होती. मी खाली अंथरलेल्या चादरीवरचे घोस पोत्यात भरत होते. वारा असा तापलेला आणि तोंडात धूळ इतकी, की थुंकलं तर चिखल पडावा. एक घोस बरोबर बाबांच्या पोटावर पडला. बाबा हलले नाहीत. ननेनं काठी खाली टाकली.

"उठा. झाडाखाली पिस्ते गोळा करायचे असत्यात, पिकायचं नसतं."

"डोळा लागला जरा," बाबा म्हणाले.

"तुमचा डोळा सकाळी लागतो, दुपारी लागतो, अन् सांजंला शेगडी पेटली की टक्क उघडतो. त्यो डोळा हाय का घुबड?"

बाबा उठून बसले. जांभई दिली, शिंकले, बाहीनं नाक पुसलं. "असं बोलतीस जणू मी मोतादच हाय. तफन्नुनी हाय मी, तफन्नुनी."

हा शब्द आमच्या गावाचा लाडका. तफन्नुनी म्हणजे गमतीपुरता घेणारा. अफूला लाचार झालेला तो मोताद, आणि मोताद कसा असतो ते आमच्या गावाला चांगलं ठाऊक आहे. तो शहरात पुलाखाली पडलेला असतो, अंगावर पोतं, पायात एकच चप्पल. आमच्या गावात सगळ्यांच्या दोन्ही पायांत चपला असतात, म्हणून आमच्यात मोताद कुणी नाही. जो तो तफन्नुनी. न्हावी तफन्नुनी, पाण्याची पाळी वाटणारा तफन्नुनी, आणि या सगळ्यांचे मुकादम म्हणजे माझे थोरले काका, अमू जबीह. अमू माझ्या जन्माच्या आधीपासून सकाळ-संध्याकाळ न चुकता गंमत करत आलेत. एवढी गंमत करूनही त्यांना कधी कुणी हसताना पाहिलेलं नाही.

त्यात आमची रीत. पाहुणा आला की चहाच्या आधी शेगडी पुढं येते आणि शेगडीवर वाफूर, म्हणजे अफू ओढायची ती नळी. लग्नात शेगडी, मयतीला शेगडी. पाहुण्यानं मागायचं नसतं, यजमानानं आग्रह केल्याशिवाय राहायचं नसतं. माझ्या आजीच्या मयतीनंतरच्या चाळीसाव्या दिवशी खोलीत इतका धूर झाला होता, की आजी बिचारी धुरापायीच गेली असं एखाद्या परक्याला वाटलं असतं.

त्या दिवशी ऊन भिंतीवरून उतरायला लागलं आणि अमू आले. कोपऱ्यात शेगडी पेटली. नने अंगणात पिस्ते वाळत घालत होती. माझी धाकटी बहीण बनफ्शे, अजून नीट चालताही न येणारी, दुपारपासून कान धरून रडत होती. मी इतिहासातल्या राजांचं पाठांतर करत होते आणि तिच्या आवाजात मला एकही शहा आठवत नव्हता.

अमू म्हणाले, "पोरीला जवसाएवढी अफू दे साखरपाण्यातनं. आपल्या आयांनी आपल्याला दिलीच की. काय वाईट झालं आपलं?"

आपलं काय वाईट झालं हे पाहायला दोघांनीही एकमेकांकडं बघायला हवं होतं. ते त्यांनी केलं नाही. बाबांनी वाटीत बोट फिरवलं आणि बनफ्शेला चमच्यानं पाजलं. मी बघितलं, बरं का. मला वाटलं, औषध आहे. आमच्यात तसंच वाटतं सगळ्यांना.

थोड्या वेळानं रडणं थांबलं.

"बघ," अमू म्हणाले. "डागदर कशाला पायजे?"

मला शांततेत चार शहा ओळीनं आठवले आणि मग वाटलं, ही शांतता जरा जास्तच आहे. मी तिला उचललं. ओल्या कणकेसारखी मान मागं गेली. ओठ वांग्याच्या सालीसारखे. एक श्वास आला, आणि दुसरा येईना. येईना म्हणजे येईचना. मग आला.

"नने," मी ओरडले.

नने आली. एकदा पोरीकडं पाहिलं, एकदा वाटीकडं, आणि तिला काही विचारावं लागलं नाही. "गाडी काढा," ती बाबांना म्हणाली.

बाबा उठले. चेहरा पांढराफटक. हात थरथरत होते, नाकातून पाणी येत होतं. पोरीच्या नादात त्यांची संध्याकाळची वेळ टळली होती. ते म्हणाले, "एक झुरका घिऊन निघतो. हात ऱ्हाईनात, गाडी खड्ड्यात जाईल."

आणि यात खोटं काही नव्हतं, हीच तर गोम. खरंच गाडी खड्ड्यात गेली असती. थोरल्या भावाचं कर्तव्य म्हणून अमूंनी चिमट्यानं निखारा उचलला.

नने भांडली नाही. बाबांच्या बंडीच्या खिशातून तिनं किल्ली काढली आणि माझ्याकडं फेकली.

मी आमचा निळा पिकअप तोवर फक्त बागेत चालवला होता, पोती वाहायला. तिथं समोर फार तर गाढव येतं. डांबरी रस्त्यावर मालट्रक येतात आणि गाढवासारखे बाजूला होत नाहीत. मी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. शेजारी नने बनफ्शेच्या तळपायांवर टिचक्या मारत होती, गालावर चापट्या देत होती. "निजू नगंस. घे गं श्वास. घे की माझे आई." प्रत्येक श्वासाला ती मला "आला" म्हणून सांगायची, आणि मधल्या वेळात मी रस्ता न बघता तिचं तोंड बघायची, मग ती ओरडायची, "फुडं बघ."

शहराच्या दवाखान्यातल्या लोकांनी पोरीला ननेच्या हातातून जवळजवळ हिसकावलंच. नळी लावली, मांडीत सुई टोचली. आम्ही दोघी भिंतीला चिकटून उभ्या. आणि मग बनफ्शेनं असं भोकाड पसरलं की बाहेरच्या बाकावरचे म्हातारे उठून उभे राहिले. नने जमिनीवर बसली आणि आधी हसली, मग रडली, मग मला म्हणाली, "गाडीचा दिवा मोडलास तू वळणावर." मला पत्ताच नव्हता.

बाबा आणि अमू मोटारसायकलवरून आले तेव्हा पोरगी पाणी पीत होती. दोघांचे केस विंचरलेले, हात स्थिर, डोळे चकचकीत. अमूंनी तर कॉलर नीट केली होती.

डॉक्टरीण बाई बारीकशी, फार दमलेली. तिनं विचारलं, "घरात अफू कोण घेतं?"

सगळे छताकडं बघायला लागले. छताला पंखा होता, त्यामुळं बरं दिसलं.

"घेतं म्हंजी," बाबा खाकरले, "तफन्नुनी."

"कधी कधी?"

"रोज. पर तफन्नुनी."

"एखाद्या दिवशी नाही घेतली तर?"

"तसा एखादा दिस आलाच न्हाई अजून," अमू मोठ्या समजुतीनं म्हणाले.

बाईनं डोळे चोळले. "ही मुलगी जरा उशिरा आली असती तर मी तुम्हाला वेगळंच काही सांगत असते. बरं, आणायला उशीर का झाला नाही ते मला कळलं. गाडी या थोरलीनं चालवली. तुम्ही का नाही चालवली?"

अमू म्हणाले, "तब्येत बरी नव्हती त्याची."

आता वडीलधारे बोलत असताना पोरीनं बोलू नये, ही पण आमची रीत. पण मी त्या दिवशी डांबरी रस्त्यावर मालट्रकला मागं टाकलं होतं आणि एकदा मालट्रकला मागं टाकलं की काकाची भीती राहत नाही.

"बाबा," मी म्हणाले, "बनफ्शे निळी पडली तेव्हा तुम्ही काय म्हणालात, ते बाईंना सांगा."

"तहमीने, गप," अमू म्हणाले.

"मी नाही सांगत. ते सांगतील."

बाबांनी बनफ्शेकडं पाहिलं. तिच्या नाकाला अजून नळीची चिकटपट्टी होती आणि ती पट्टी ओढत होती. मला वाटलं, सांगणार नाहीत. मग ते खाली बघून, फार हळू म्हणाले, "म्या म्हनलं, एक झुरका घिऊन निघतो."

डॉक्टरीण बाईनं हातातला कागद खाली ठेवला.

"पोरगी मरत व्हती," बाबा म्हणाले, "अन् मला निखाऱ्याची घाई. ह्याला गंमत म्हनत न्हाईत. मोताद हाय मी, बाई. काय औषध असंल तर सांगा."

औषध होतं. शहरातच व्यसन सोडवायचं इस्पितळ होतं. बाई म्हणाली, घरी एकट्यानं एकदम बंद करू नका, अंगाला सोसणार नाही. तिथं दाखल व्हा, औषधावर हळूहळू उतरवतात, आणि घरी आल्यावरही औषध, बोलणं, येणं-जाणं चालू ठेवायचं. दाखल व्हायचा दिवस शनिवार ठरला.

आणि आता आमच्या गावाची अक्कल ऐका.

बाबा अफू सोडायला जाणार हे कळल्यावर शुक्रवारी दुपारी गाव निरोपाला लोटला. लांबच्या प्रवासाला निघालेल्याला निरोप देणं हे पुण्याचं काम. लोकांनी खजुराच्या करंज्या आणल्या, डाळिंबं आणली. न्हाव्यानं बाबांच्या हातात कागदाची इवलीशी पुडी कोंबली आणि कानात म्हणाला, "वाटंत तलफ आली तर असू द्या." अफू सोडायला निघालेल्या माणसाला अफूची शिदोरी. ननेनं पुडी त्याच्याच खिशात परत घातली आणि खिसा थोपटला.

मग सगळे बैठकीत टेकले आणि वाट बघायला लागले. शेगडीची.

ननेनं चहा आणला. "घ्या ना."

"कशाला उगं तरास," अमू म्हणाले आणि कोपऱ्याकडं बघितलं. कोपऱ्यात उशी होती.

"तरास कसला? अजून एक घ्या."

दुसरा चहा आला. तिसरा आला. करंज्या आल्या. शेगडी येईना. पाहुण्यानं मागायचं नसतं, त्यामुळं कुणी मागेना. उठून जावं तर ननेनं मटणाचा रस्सा चुलीवर चढवलेला, आणि शिजत्या हंडीवरून उठणं म्हणजे यजमानाच्या तोंडात मारणं. ननेनं लाकडं मुद्दाम ओली लावली होती. हे तिनं मला नंतरही कबूल केलं नाही.

ऊन कललं. न्हाव्याला पहिली जांभई आली. ती पाणीवाल्यानं उचलली, त्याच्याकडून ती सगळ्या बैठकीभर फिरली. मग शिंका. मग नाकं. आमच्या गावचे सगळे मानाचे पुरुष रांगेत बसून बाह्यांनी नाकं पुसत होते, आणि माझे बाबाही त्यांच्यातच, घामानं डबडबलेले.

"धूळ लई झालीय औंदा," पाणीवाला म्हणाला.

"व्हय, धूळच," न्हावी म्हणाला. त्याचा गुडघा शिवणयंत्रासारखा हलत होता.

मी हातरुमालांची चळत घेऊन गेले आणि एकेकापुढं अदबीनं धरली. "घ्या ना. तफन्नुनी आहे."

नने मला दारातून डोळे मोठे करून दाखवत होती, पण तिचा पदर तोंडात होता.

अमू जबीह सगळ्यात शेवटपर्यंत टिकले. मग त्यांच्या कपात चहा असा खुळखुळायला लागला की सगळ्यांनी तिकडं पाहिलं. खाला सुग्रा, त्यांची बायको आणि माझी मावशी, भिंतीशी बसून पिस्ते सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, "उंटावर बसायचं अन् कुनी बघू नये म्हनून वाकायचं. उंट दिसतो की हो."

कुणी हसलं नाही. रस्सा आला. लोकांनी दोन घास गिळले आणि चपला हुडकत पळाले. न्हाव्याला घाईत आपल्या दोन चपला ओळखू येईनात. तो एकीवरच निघून गेला.

शनिवारी सकाळी आम्ही बाबांना चौकात सोडायला गेलो. शहराची मिनीबस उभी होती. बाबांच्या हातात एक पिशवी, खांद्यावर बनफ्शे. बसमध्ये चढतात तर खिडकीजवळ अमू आधीच बसलेले. मांडीवर दोन गोधड्या, काखेत उशी.

"तू कुठं रं, दादा?" बाबांनी विचारलं.

"तुला सोडायला," अमू छपराकडं बघत म्हणाले.

"गोधड्या?"

"बसमध्ये गारठा असतो."

उन्हाळा सरला नव्हता. ड्रायव्हर बनियनवर बसला होता. बाबांनी बनफ्शेला ननेकडं दिलं, भावाशेजारी बसले आणि एक गोधडी स्वतःच्या मांडीवर घेतली.

बस सुरू झाली तेवढ्यात गल्लीतून खाला सुग्रा धापा टाकत आली, हातात झाकण ठेवलेला पेला. सगळा चौक बघत होता. तिनं पेला खिडकीतून आत दिला. आत पाण्यात अमूंच्या दातांची कवळी होती.

"निस्तं सोडायलाच चाललाय न्हवं?" ती म्हणाली. "तरीबी ऱ्हाऊ द्या. थितलं जेवान चावायला लागंल."

अमूंनी चौकाकडं पाहिलं, पेल्याकडं पाहिलं. मग पेला दोन्ही हातांनी धरला, सांडू नये म्हणून.

"सुग्रा," ते म्हणाले, "शुक्रवारी भेटायला सोडत्यात म्हनं. येशील न्हवं?"