पंकजाचं एकेरी तिकीट

वाल्मिकभाऊंनी मला सांगितलं होतं. श्रीरामपूरला बसस्टँडसमोर त्यांचं छोटं दुकान आहे. रेल्वे, विमान, ट्रॅव्हल्स, सगळी तिकिटं काढून देतात. मी मोबाईलवर शोधलेली दोन तिकिटं त्यांना दाखवली, तेव्हा चष्मा कपाळावर चढवून ते म्हणाले, "ताई, ही दोन कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं आहेत. पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरं काही तुमच्यासाठी थांबायचं नाही. एसटी चुकली तर मागून दुसरी येती. इथं तिकीटच बुडतं. त्यात बाईमाणूस एकटं. चार पैसे जास्त जाऊ द्या, पण सरळ जाणारं घ्या."

मी म्हटलं, "भाऊ, तुमचं कमिशन जातंय म्हणून सांगताय ना?"

ते हसले. मीही हसले. कडेवर सृष्टी किरकिर करत होती, म्हणून मी पुढं काही ऐकलं नाही, असं तेव्हा स्वतःला समजावलं. दीड वर्षाचं लेकरू कडेवर असलं की कशाचंही खापर त्याच्यावर फोडता येतं.

तिकीट माझं नव्हतं. माझ्या धाकट्या जावेचं होतं. पंकजाचं.

नेवाशात आमचं कृषी सेवा केंद्र आहे. चालवतात माझे दीर, गोरक्षभाऊजी. पण औषधं विकायच्या परवान्याला शेतकीचं शिक्षण लागतं, आणि ते घरात एकट्या माझ्याकडं. गल्ल्यामागच्या भिंतीवर माझी बी.एस्सी. अ‍ॅग्रीची पदवी फ्रेम करून टांगलीय. भाऊजी सकाळी दुकान उघडलं की लक्ष्मीच्या फोटोला उदबत्ती ओवाळतात आणि तोच हात पुढं माझ्या पदवीवरून फिरवतात. पदवीला उदबत्ती आहे, मला दुकानात खुर्ची नाही. सृष्टी झाल्यापासून मी घरी, माझे मिस्टर, कल्याण, कोपरगावला साखर कारखान्याच्या ऑफिसात, आणि गल्ल्यावर पंकजा. बारावी पास. पाथर्डीकडची. तिचे आईवडील अजून दिवाळी झाली की कोयते घेऊन कारखान्यावर जातात.

यंदा कपाशीच्या औषधांचं टार्गेट पुरं झालं आणि एका कंपनीनं डीलरला जोडीनं जहाजाची सहल दिली. जहाज सिंगापूरहून निघणार, वाटेत चार-पाच बंदरं घेत थेट मुंबईला लागणार. म्हणजे विमान फक्त जातानाचं. डीलरचं तिकीट कंपनी काढणार, बायकोचं ज्याचं त्यानं काढायचं.

त्या संध्याकाळी भाऊजींनी सगळ्यांना जहाजाचा व्हिडिओ दाखवला. वरच्या मजल्यावर निळा हौद, त्यात माणसं पोहत होती. सासूबाई, झुंबरबाई, डोळे बारीक करून म्हणाल्या, "आरं, खाली येवढा समिंदर आन् वर पुन्हा हौद कशापायी?"

"आत्या, समिंदरात साबन लावता येत न्हाई म्हनून," पंकजा म्हणाली. सगळे हसले. मग ती एकदम माझ्याकडं वळली. "ताई, तुमी आन् दादाच जा की. लायसन तुमच्या शिक्षनावर हाय. मी सांभाळते सृष्टीला, ती राहती माझ्याजवळ."

मी भाऊजींच्या तोंडाकडं बघितलं. त्यांनी मोबाईल खिशात घातला आणि म्हणाले, "आगं, नावं गेलीत कंपनीला." मान वर न करता. नावं गेली नव्हती. फॉर्म दोन दिवसांनी माझ्याकडूनच भरून घेतला.

"मला बाई पाण्यात मळमळतं," मी म्हटलं. मी कधी होडीतसुद्धा बसलेली नाही.

त्या दिवसापासून मला पंकजाचं सगळं दिसायला लागलं. नगरहून आणलेला गॉगल लावून ती धुणं वाळत घालायची. पासपोर्ट पिशवीतून काढून स्वतःचाच फोटो बघायची. दुकानात आलेल्या बाया तिला विचारायच्या, "काय गं, जहाजात चूल कुठं आसती?" आणि ती सांगायची, जशी काही चार वेळा जाऊन आलीय. मी चार वर्षं राहुरीला होस्टेलवर राहून शिकले. इंग्रजीत पेपर लिहिले. आणि परदेशात कोण, तर ही. रात्री भात कालवताना माझा हात थांबायचा. सासूबाईंनी दोनदा विचारलं, "अश्विनी, अंगात कणकण हाय का?"

तिकीट शोधायचं काम माझ्याकडं येणारच होतं. "वहिनी, तुमाला मोबाईलमधलं कळतं," भाऊजी म्हणाले. "सरळ विमान लई महाग सांगतेत. काई स्वस्त बसतंय का बघा."

मी आठ दिवस बघितलं. सृष्टीला पायावर झोपवत, तिला भरवत, एका हातानं. तारीख पुढंमागं करायची, मुंबईऐवजी पुण्याहून टाकायचं, सगळं शिकले. आता जे लिहिते आहे ते घरात कुणालाच माहीत नाही. मंगळवारी दुपारी भाऊजींच्याच विमानात एक जागा दिसली. एकोणीस हजार. सरळ सिंगापूर, नवऱ्याबरोबर. मी ते किती वेळ बघत बसले कोण जाणे. पंकजा ओसरीवर भाऊजींना विचारत होती, "आवो, खिडकीपाशी मी बसनार बरं का." मी स्क्रीन बंद केली.

बुधवारी तेच तिकीट एकतीस हजारांवर गेलं होतं. मी सगळ्यांना एकतीसच दाखवलं. आणि मग दाखवलं माझं कसब: मुंबई ते क्वालालंपूर एका कंपनीचं, तिथून सिंगापूर दुसरीचं, दोन्ही मिळून चौदात.

"निम्म्याहून कमी!" भाऊजी खूश झाले.

"शिकल्याचा उपेग हा असा," सासूबाई म्हणाल्या. आठ वर्षांत पहिल्यांदा म्हणाल्या.

"पण हिला एकटीला जमंल का? मधी विमान बदलायचंय," भाऊजींनी विचारलं.

"न जमायला काय? मी कागदावर लिहून देते. सोपं आहे."

पंकजा म्हणाली, "ताई हायत ना. त्यांनी काढलंय म्हंजे बरोबरच आसंल."

मला तिचं वाईट करायचं नव्हतं. तिला थोडं दमवायचं होतं. खिडकीपाशी नवऱ्याशेजारी बसून फोटो टाकण्याऐवजी तिनं बॅग ओढत, इंग्रजी पाट्या वाचत, घाबरत जावं, मग पोचावं. एवढंच. तिच्या फोनला परदेशात चालायला लागणारा रोमिंगचा पॅक घ्यायचा राहिला, तोही राहू दिला. "जहाजावर कुठं रेंज असते?" मी म्हटलं, आणि सगळ्यांना पटलं. डॉलर सगळे भाऊजींच्या कमरेच्या पाकिटात. आमच्याकडं बाईमाणसाजवळ पैसे देत नाहीत, हरवतील म्हणून. तेही मला दिसत होतं. मी बोलले नाही.

परवा भाऊजी डीलर लोकांबरोबर पुढं गेले. काल संध्याकाळी कल्याणनं पंकजाला मुंबईच्या विमानतळावर सोडलं. तिनं आत जाताना फोटो पाठवला: गॉगल डोक्यावर, दोन बोटं वर. खाली लिहिलं होतं, "ताई, तुमच्यामुळं." मी तो फोटो बघितला आणि पुन्हा जळले. असं वाक्य वाचूनसुद्धा माणूस जळू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

विमान चार तास उशिरा सुटलं.

आज सकाळी नऊला अनोळखी, परदेशी नंबरवरून फोन आला. मी सृष्टीला नाचणीची खीर भरवत होते.

"ताई, मी पंकजा. हितं एक झाडूवाली बाई हाय, तमिळ हाय, तिच्या फोनवरून बोलते. आवो, आपलं दुसरं इमान गेलं. काउंटरवरची पोरगी म्हनती, नवीन तिकीट काढा. माझ्यापाशी तर रुपयाच हायेत, ते चालत न्हाईत म्हनं. काय करू?"

"तू कुठं उभी आहेस? नीट सांग."

"मोठ्या काचंपाशी, निघायच्या बाजूला. खाली टर्मिनल दोन लिवलंय. ताई, तुमच्या कागदावर ह्याच्या म्होरचं काईच न्हाई."

"थांब तिथंच. मी तिकीट काढते. हलू नको."

"व्हय. न्हाई हलत." मग हळूच म्हणाली, "ताई, तुमी टेन्शन घेऊ नका. माझंच नशीब आसं. त्यांना सांगू नका, रागावतील." आणि फोन बंद झाला.

मी माझ्या खात्यातून तिकीट काढलं. तिकडच्या एक वाजून चाळीस मिनिटांचं विमान, म्हणजे आपल्याकडचे अकरा दहा. ते मिळालं तर जहाज मिळतं; जहाजाचे दरवाजे तिकडच्या वेळेनं संध्याकाळी पाचला बंद होतात. तिकीट तिच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं. एकच टिक. त्या झाडूवाल्या बाईच्या नंबरवर अकरा वेळा लावलं. वाजतो, उचलत नाही. बाई कामाला लागली असेल. विमान कंपनीच्या नंबरवर गाणं वाजतंय.

भाऊजींना हॉटेलच्या वायफायवर फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, तुमी तर सोपं हाय म्हनला हुता." जहाज सोडून मागं कसं यायचं, कुठल्या काउंटरवर विचारायचं, त्यांनाही कळत नाही. एकोणीस हजारांचं तिकीट मी त्यांना सांगितलं नाही. सांगेन. आधी ती पोचू दे.

सासूबाई देवापाशी बसल्यात. सृष्टीनं खिरीची वाटी जमिनीवर उपडी केलीय आणि मी ती पुसलेली नाही.

आता पावणेदहा झालेत. हे मी ओळखीच्या, अनोळखी, जेवढ्या ग्रुपवर आहे तेवढ्यांवर टाकते आहे. शिव्या नंतर घाला, मी ऐकून घेईन. तुमच्यापैकी कुणी, तुमचा भाऊ, मुलगी, मैत्रीण, क्वालालंपूरला असेल, नाहीतर आज त्या विमानतळावरून जाणार असेल, तर टर्मिनल दोनला, निघायच्या बाजूच्या मोठ्या काचेपाशी बघा. पोपटी पंजाबी ड्रेस, वर तपकिरी स्वेटर, सत्तावीस वर्षांची. मी हलू नको म्हटलंय, म्हणून ती पाणी प्यायलाही उठली नसेल. तिला मराठीत हाक मारा. सांगा की तिकीट निघालंय, पासपोर्ट दाखवला की काउंटरवर नाव सापडेल, तिला तिथवर नेऊन सोडा. ती म्हणेल मी बरी आहे. तिच्यावर विश्वास ठेवू नका. जवळ बसून नीट बघा, ती खरंच बरी आहे का, आणि मला कळवा.