विभूती लावलेली कॅसेट

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. तळहाताएवढी एक चपटी डबी मनात आणा. तिच्यात दोन छोटी चाकं आणि त्यांवर गुंडाळलेली तपकिरी फीत. त्या फितीवर एका बाईचा आवाज आहे. ती डबी म्हणजे मी, उदगीरच्या मंजुश्रीबाईंची एक जुनी कॅसेट.

मंजुश्रीबाई डाळीच्या व्यापाऱ्याच्या घरातल्या. हैदराबादला शिकायला गेल्या आणि तिथल्या एका हॉटेलच्या वाद्यवृंदात जॅझ आणि ब्लूज गाऊ लागल्या. जॅझ गाणारा ठरलेली चाल घेतो आणि गाता गाता तिला नवी वळणं देतो. ब्लूजमध्ये मनातलं दुःख साध्या शब्दांत सांगतात. पहिली ओळ दोनदा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत मन मोकळं करायचं.

वडील गुंडप्पा म्हणाले होते, "हॉटेलात लोक जेवायला येतेत. तुझं कोण ऐकतंय?"

लोक घास हातात धरून ऐकायचे.

त्यांच्या तीन कॅसेटी निघाल्या. मी तिसरी. माझ्यावर त्यांनी स्वतः रचलेली मराठी गाणी आहेत. काही वर्षं माझ्या प्रती घरोघर वाजल्या. मग सीडी आल्या, आमची कंपनी बंद पडली, माझ्या बाकीच्या बहिणी कुठे गेल्या कोण जाणे. मी तेवढी उरले, बाईंचे धाकटे भाऊ रेवणप्पा यांच्याकडे.

त्यांना अक्काचा मोठा अभिमान. त्यांनी मला देवघरात ठेवलं. दर खंडेनवमीला दुकानाच्या तराजूबरोबर माझीही पूजा व्हायची. विभूतीच्या राखेची तीन बोटं, वर झेंडूचं फूल. मान भरपूर मिळाला, पण पंचवीस वर्षांत मला कुणी एकदाही वाजवलं नाही. विभूती मात्र फटींतून आत शिरत राहिली.

यंदा मंजुश्रीबाई माहेरी आल्या. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना फक्त कुजबुजता येतं. त्या म्हणाल्या, "रेवण, माझा आवाज एकदा ऐकू दे रे."

रेवणप्पांनी जुन्या टेपमध्ये मला घातलं. खर्रर्र! फीत अडकली, चुरगळली.

"असं कसं झालं? दरसाली पूजा केलो की अक्का!"

"पूजा केलास. ऐकलास का कधी?"

रेवणप्पांनी मला टेपमधून अलगद बाहेर काढलं. तेवढ्यात त्यांची अकरा वर्षांची नात अक्षरा छोटा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आली.

"ए पोरी, हात लावू नको! एकच हाय ती. तुटंल!"

"आप्पा, आता तरी कुठं वाजायलीय?"

तिनं माझे पाचही स्क्रू काढले. चित्रकलेच्या मऊ ब्रशानं राख झाडली. चुरगळलेला तुकडा कापला आणि चिकटपट्टीची बारीक कातरण मागून लावून फीत जोडली.

मित्रांनो, जपणं म्हणजे नुसतं उंचावर ठेवणं नव्हे. जुन्या वस्तू पुसा, उघडून बघा, आणि ज्या कामासाठी त्या झाल्या, ते काम त्यांना करू द्या.

मी वाजू लागले. बाईंचा तरुण आवाज खोलीत आला.

"गाडी गेली निघून, पेटी माझी हातात... गाडी गेली निघून, पेटी माझी हातात..."

आणि गाणं एकदम पुढच्या कडव्यावर उडालं. तिसरी ओळ कापलेल्या तुकड्यात गेली होती.

अक्षराचा चेहरा पडला. बाईंनी तिला जवळ ओढलं आणि ती ओळ तिच्या कानात सांगितली. "चाल तुझी तू लाव," त्या कुजबुजल्या.

अक्षरानं मला मागं फिरवलं आणि पुन्हा लावलं. जोड आला तसं तिनं बटण दाबून मला थांबवलं, ती ओळ स्वतःच्या चालीत मोठ्यानं गायली आणि मग मला पुढे चालू केलं.