मी... मी आहे

"हा चेहरा संरक्षित व्यक्तीचा आहे. कृपया स्वतःचा चेहरा वापरा."

फोनवर हे पुन्हा एकदा उमटलं आणि शिवणयंत्राशी बसलेल्या बायकोला हसू आवरेना. दातांनी दोरा तोडायचं निमित्त करून तिने मान खाली घातली. समोरच्या भिंतीला खिळे मारून पांढरी चादर ताणली होती आणि चादरीपुढे तिचा नवरा छाती काढून, डावी भुवई चढवून उभा होता. चेहरा त्याचा स्वतःचाच होता. निदान लग्नात तिला दुसरा कुठला दाखवला नव्हता.

"काय... म्हणतंय ते?" नवऱ्याने विचारलं.

फोन धरून उभा होता तो मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. समारंभांना खुर्च्या आणि स्पीकर भाड्याने देणं हा त्याचा धंदा, आणि ज्यातलं ओ की ठो कळत नाही त्यात सगळ्यांच्या पुढे होणं हा स्वभाव. तो म्हणाला, "भावजी, ते म्हणतंय, तुम्ही साहेबांचा चेहरा चोरलाय."

"आम्ही... चोरत नसतो," नवरा म्हणाला. "आम्ही... अवतरतो."

हे वाक्यही साहेबांचंच. साहेब म्हणजे पडद्यावरचे साहेब, एका जमान्याचे सगळ्यात मोठे नट. पहिल्या शब्दानंतर थांबायचं, प्रेक्षकांना श्वास रोखायला लावायचा, आणि मग उरलेलं वाक्य नाकातून फेकायचं, ही त्यांची करामत. या एका थांब्यावर साहेबांनी बंगले उठवले. त्याच थांब्यावर हा गृहस्थ उभा जन्म त्यांची नक्कल करत स्टेजवर उभा राहिला. लोक त्याला उपसाहेब म्हणत. लोकांना ती थट्टा वाटायची, त्याला ती पदवी वाटायची, आणि त्यामुळे दोन्ही बाजू खूश होत्या.

तिसरी बाजू घरात होती, तिला कोणी विचारलं नव्हतं. स्टेजवरचं सोंग स्टेजवर उतरवून ठेवावं, एवढी साधी रीत याला कधी जमली नाही. "मीठ... कमी आहे," तो जेवताना म्हणायचा. "दूध... उतू जातंय," असंही म्हणायचा, आणि तो वाक्य पुरं करेपर्यंत ते गेलेलं असायचं. त्याचे टिकल्यांचे कोट तीच शिवायची, तीच उसवायची, पोट सुटेल तसे शिवणीतून वाढवायची. कोटात वाढवायला निदान कापड तरी होतं.

तिने होकार दिला होता तो माणूस वेगळा होता. तो पंपांच्या दुकानात कामाला होता. समोरचा एक दात तुटका, गालावर हा एवढा तीळ, आणि बोलायचा इतका भरभर की शब्द एकमेकांच्या पायात पाय घालून पडायचे. चारचौघांत ती त्याला 'अहो' म्हणायची आणि दार लागलं की 'अरे'. मग एकदा कुणाच्या तरी समारंभात कोणी तरी म्हणालं, "बाजूने बघितलं तर अगदी साहेब!" म्हणणारा खाऊन-पिऊन हात धुऊन निघून गेला, पण याच्या डोक्यात ते जे शिरलं ते शिरलं. दात भरून आणला, तीळ जाळून आणला, दुकान सोडलं. आणि साहेबाला 'अरे' कोण म्हणणार? दारामागचंही 'अहो' झालं.

मागच्या वर्षी साहेबांची ती प्रसिद्ध गिरकी घेताना त्याचा गुडघा दगा देऊन गेला आणि उपसाहेब ढोलांवर आडवे झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं हाही कार्यक्रमच आहे. बायकोने गुडघ्याला शेक दिला, डॉक्टरकडे नेलं, सगळं केलं. पण मनातून तिला सुटल्यासारखं झालं होतं, हे खोटं कशाला बोला. आता साहेब घरातून जातील, असं तिला वाटलं होतं. कसले जातात! सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तो लंगडायचासुद्धा थांबा घेऊन.

अशात एका गादीवाल्याला जाहिराती करायच्या होत्या आणि त्यात त्याला 'साहेबांसारखा कोणी तरी' हवा होता. मेहुण्याने लगेच ते व्हिडिओचं ॲप आणलं. त्यात माणसाने एकदा आपला चेहरा आणि आवाज द्यायचा, की त्याचं पात्र तयार होतं. मग आपण घरी बसायचं आणि ते पात्र नाचतं, गातं, गिरक्या घेतं. गुडघ्याचा प्रश्नच नाही.

"ताई, भावजी आता अमर होणार!" मेहुणा म्हणाला होता.

माणूस कधी ना कधी थकतो, गप्प बसतो, एवढ्याच भरवशावर तिने साहेबांना घरात सोसलं होतं. आता फोनफोनातून हे गिरक्या घेत बसणार आणि घरातला हा आणखी फुगणार. म्हणून ॲपने नकार दिला तेव्हा तिला हसू आलं. जन्मभरात पहिल्यांदा कोणी तरी त्याला तोंडावर नाही म्हटलं होतं.

मेहुण्याने नियम वाचून दाखवले. खऱ्या माणसाचं पात्र त्याच्या परवानगीशिवाय करायचं नाही, मेलेल्याचं त्याच्या वारसांना विचारल्याशिवाय करायचं नाही, आणि साहेबांसारख्यांच्या तर वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. साहेब वारल्यावर त्यांच्या मुलांनी बापाचा चेहरा, आवाज, भुवई आणि तो थांबासुद्धा एका कंपनीला विकून टाकला होता. बाप अंथरुणाला खिळला तेव्हा ज्यांना फिरकायला सवड नव्हती, ती मुलं आता त्याच्या भुवईवर डोळ्यात तेल घालून पहारा देत होती.

"पण माझा नवरा मेलेला नाहीये अजून," बायको म्हणाली. "हे त्या ॲपला कोणी सांगितलं का?"

कोणी ऐकलं नाही. मेहुण्याने भावजींना मिशी लावली. ॲप म्हणालं, संरक्षित व्यक्ती, वेशांतरात. टोपी घातली, काळा चष्मा चढवला, गालात कापूस कोंबला. उत्तर तेच. आणि गंमत म्हणजे प्रत्येक नकाराला उपसाहेबांची छाती वीतभर वर यायची.

"पाहिलंस... यंत्रालाही कळतं," तो बायकोला म्हणाला. "माणसं... फसतील. यंत्र फसत नाही."

"अहो, यंत्रच फसलंय," ती म्हणाली. "तेच तर रडगाणं चाललंय."

शेवटी मेहुण्याने कंपनीकडे तक्रार केली, की हा माणूस स्वतःच आहे हो. कंपनीचं उत्तर आलं. माणसाने कॅमेऱ्यापुढे उभं राहावं, मान डावीकडे-उजवीकडे वळवावी आणि खाली दिलेलं वाक्य आपल्या नैसर्गिक आवाजात म्हणावं. तीनदा संधी मिळेल, त्यानंतर दार कायमचं बंद. वाक्य होतं: 'मी मी आहे आणि हा चेहरा माझा आहे.'

एवढंच? उपसाहेबांना अपमानच वाटला. केस विंचरून तो चादरीपुढे उभा राहिला, मान वळवली, खर्जातला आवाज लावला आणि म्हणाला, "मी... मी आहे."

पुढचं वाक्य ॲपने ऐकलंच नाही. आवाज संरक्षित व्यक्तीशी जुळतो, असं म्हणून त्याने पडदा लाल केला.

"भावजी, मधे थांबू नका," मेहुणा कळवळून म्हणाला. "एका दमात म्हणा."

त्याने एका दमात म्हटलं. थांबा गेला, पण खर्ज राहिला, नाक राहिलं, शेवटच्या शब्दावरची झोकांडी राहिली. पुन्हा लाल. आता एकच संधी उरली होती. मेहुणा म्हणाला, उद्या बघू, आणि खुर्च्या पोचवायच्या आहेत म्हणून सटकला.

त्या दुपारी नवरा शिवणयंत्राजवळ येऊन उभा राहिला. कापडाच्या चिंध्या चिवडू लागला. "ऐक... मी पूर्वी कसा बोलायचो?"

तिने सुई थांबवली. टोमणा ओठावर तयार होता, पण त्याचा चेहरा पाहून तिने तो गिळला. तो घाबरला होता. बटणाच्या डब्यात हात घालावा आणि हवं ते बटण सापडू नये, तसा तो उभा होता. तिला एकदम त्याची दया आली आणि दयेचाच रागही आला. ती म्हणाली, "सोपं तर आहे, असं बोलायचात तुम्ही," आणि बोलून दाखवायला तोंड उघडलं.

काही निघालं नाही. भरभर बोलायचा, हे आठवत होतं. शब्द अडखळायचे, हे आठवत होतं. पण तो आवाज? त्याचा सूर कुठे वर जायचा, कुठे खाली यायचा? तिने डोळे मिटून पाहिलं, तर कानात साहेबच बोलत होते. ते पोर, तो पंपवाला, तिच्याही आठवणीतून पुसून टाकला होता या साहेबाने. असला संताप तिला उभ्या संसारात आला नव्हता.

"मला नाही आठवत," ती म्हणाली आणि यंत्र इतक्या जोरात चालवलं की दोरा तुटला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चादर, पुन्हा फोन. मेहुण्याने रेकॉर्डिंगचा लाल दिवा लावला आणि मानेनेच खूण केली. उपसाहेबांनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, तोंड उघडलं, आणि तसंच ठेवलं. भुवई अर्धी वर गेली, तिथे घोटाळली, खाली आली. साहेबांचा आवाज चालत नव्हता आणि दुसरा जवळ नव्हता. कपाळावरून घाम नाकापर्यंत आला. मेहुणा हातवारे करत होता. सेकंद जात होते.

बायकोला ते बघवेना. इतकी वर्षं ज्याने घर डोक्यावर घेतलं, त्याला 'मी' एवढं म्हणता येऊ नये? ती स्टूल मागे सारून उठली.

"अरे, बोल ना! तू कोण आहेस एवढं सांगता येत नाही तुला त्या डबड्याला?"

"अगं थांब की जरा, मधे मधे बोलू नकोस, लाल दिवा लागलाय दिसत नाही का, मी मी आहे आणि हा चेहरा माझा आहे, माझ्या बापाने दिलाय मला, कुणाच्या बापाला घाबरत नाही मी, आणि तो पंखा लाव आधी, घामाने जीव चाललाय माझा!"

फोनवर हिरवी खूण आली.

बायको होती तिथेच उभी राहिली. हाच. हाच तो आवाज, किंचित किनरा, शब्दांत शब्द अडकणारा, शेवटाला उगाच वर चढणारा. तिचे डोळे भरून आले. पंखा लावायचं तिला सुचलं नाही. "अरे," ती हळूच म्हणाली, पुन्हा एकदा म्हणून बघावं म्हणून.

नवऱ्याने रुमालाने घाम टिपला. हिरवी खूण पाहिली. मग सावकाश डावी भुवई वर गेली.

"आम्हाला... ओळखलं शेवटी," उपसाहेब म्हणाले.

पात्र संध्याकाळपर्यंत तयार झालं. पडद्यावर एक साधा, घामट माणूस गादीवर बसून भरभर सांगत होता, "या गादीवर झोपा, पाठ दुखणार नाही, दुखली तर मला सांगा, मी आहेच!" मेहुण्याने त्याच्याकडून गिरकी घेववायचा प्रयत्न केला, ॲपने हाणून पाडला. साधी भुवई चढवू दिली नाही. स्वतःचा चेहरा नोंदवलेल्या माणसाने दुसऱ्याचं काही करायचं नाही, असा नियम निघाला. त्याला जे येत होतं ते सगळं बंद, आणि उरलं ते तेवढं चालू.

गादीवाल्याने व्हिडिओ पाहून एका ओळीत विषय संपवला: "हा कोण? आम्हाला साहेब हवेत." मग साहेबांच्या कंपनीला पैसे मोजून त्याने खरी भुवई आणली. मेहुण्याने ॲपला, गादीवाल्याला आणि जमान्याला शिव्या घातल्या, स्वतःला तेवढं वगळलं. उपसाहेबांनी आपलं पात्र एकदाच पाहिलं, तेही फोन लांब धरून.

"कोण हा... फडतूस माणूस?" ते म्हणाले. "चेहऱ्यावर... काही तेज तरी?"

"टाकू का पुसून?" मेहुण्याने विचारलं.

"माझ्या फोनवर घालून दे," बायको म्हणाली.

"तू काय करणार याचं, ताई?"

"असू दे. तुला काय करायचंय?"

वाक्य कसं लिहायचं आणि ते पात्राकडून कसं म्हणवून घ्यायचं, हे तिने भावाकडून दोनदा समजून घेतलं. मग एका दुपारी जेवणं उरकली, उपसाहेब गुडघ्याखाली उशी घेऊन आतल्या खोलीत पहुडले. ती शिवणयंत्राशी बसली, फोन दोऱ्याच्या रिळांना टेकवून उभा केला आणि एका बोटाने, शोधत शोधत, अक्षरं दाबली. बरीच खोडली. शेवटी दार लागल्यावर तो पंपवाला जे रोज विचारायचा, तेच लिहिलं.

"अगं दमलीस का, ठेव ते शिवण, चल जरा पाय मोकळे करून येऊ, येतेस ना, चल की!" फोनमधला माणूस एका श्वासात म्हणाला.

"आले रे," ती म्हणाली, आणि पुन्हा तेच लावलं. मग पुन्हा.

आतून खाट कुरकुरली. "कोण... आलंय?"

तिने फोनचा आवाज कमी केला नाही.

"कोणी नाही," ती म्हणाली. "माझा नवरा आहे. तुम्ही पडा."