पाळण्याची भोकं

गुरुसिद्धप्पाच्या घरी भोकं पाडायचं यंत्र आल्यापासून बंडप्पाच्या पोटात दुखत होतं. भाकरी घशाखाली उतरेना. रस्त्यात गुरुसिद्धप्पा समोरून येताना दिसला की हा मुकाट दुसऱ्या बोळात शिरे.

दोघं उमरग्याचे व्यापारी. बंडप्पाची आडत, गुरुसिद्धप्पाचं कापडाचं दुकान, आणि सुतारकी हा दोघांचाही नाद. गावातले सुतार हसत, तरी सुटेना. त्यातही हात बंडप्पाचा वरचा. मठातला बसवण्णाचा पाळणा त्यानंच केलेला. बसवजयंतीला भर दुपारी बायका त्यात बसवण्णाला घालून झोका देत, पाळणा म्हणत, आणि बंडप्पा खांबाला टेकून, आपला काही संबंध नाही असा चेहरा करून, कान देऊन ऐकत असे. यंदा त्या पाळण्याला वाळवी लागली. नवा आपणच करणार, हे बंडप्पानं धरूनच ठेवलं होतं. तेवढ्यात गुरुसिद्धप्पानं सोलापुराहून यंत्र आणलं, टेबलावर बसवलं आणि मठात जाऊन सांगितलं, "यंदाचा पाळणा माझा."

म्हणजे इतकी वर्षं भोकं पाडायच्या सामत्याची दोरी ओढून बंडप्पानं हाताला घट्टे पाडून घेतले, ते फुकटच!

"तुमीबी घ्या की एक," शिवकांता नवऱ्याला म्हणाली. "असं जळत बसण्यापरीस बरं."

बंडप्पा सर्व्हिस मोटारीनं सोलापूर गाठून दुकानात उभा राहिला. यंत्रं दोनच होती. मोठ्याची किंमत ऐकून त्यानं पुढं केलेला हात मागं घेतला. लहान होतं हाताच्या चाकाचं, सुबक, परवडण्यासारखं. पण गुरुसिद्धप्पानं तेच नेलं होतं!

"आमच्या उमरग्यात हेच आलंय. ह्याच्याहून थोडं वरचढ न्हाय का?" त्यानं विचारलं.

"न्हाय. तुमचं काम काय ते सांगा."

बंडप्पानं पिशवीतून सागाच्या दोन पट्ट्या काढल्या. पाळण्याचे गज वरच्या आणि खालच्या पट्टीत बसतात. दोन्हींची भोकं जुळावीत म्हणून तो पट्ट्या एकावर एक बांधून एकदमच आरपार भोकं पाडी. दुकानदारानं त्या यंत्राखाली धरल्या, चाक फिरवलं. लोखंड दोन बोटं खाली आलं आणि थांबलं. वरच्या पट्टीला भोक पडलं, खालचीला ओरखडासुद्धा नाही.

दुकानदार हसला. "तुमच्या गावच्या कापडवाल्यांनीबी हेच इचारलं. म्हणले, आमच्यात एक बंडप्पा हाय, दोन पट्ट्या एकदम भोसकतो, केसभर चुकत न्हाय, बघून माझा जीव जळतो. ह्यानं तसं हुईल का? म्या म्हणलं, हुईल. माल पडून होता."

बंडप्पानं खुशीत पट्ट्या पिशवीत कोंबल्या. यंत्र न घेताच तो परत आला. गुरुसिद्धप्पा वरच्या पट्टीला वेगळी आणि खालचीला वेगळी भोकं पाडणार, आणि एकही जुळणार नाही, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. सांगावं का? मुळीच नाही. चार दिवस तो तोंड मिटून बसला. जेवण मात्र झकास जाऊ लागलं.

पाचव्या दिवशी गुरुसिद्धप्पा पट्ट्यांचा भारा घेऊन दारात आला. "बंडप्पा, भोकं जुळंनात रं."

या एका वाक्यासाठी बंडप्पानं तुरीचं पोतं दिलं असतं. "काय म्हणलास?" असं विचारून त्यानं ते परत वदवून घेतलं. मग सामता काढला. बसवण्णाला काही जमिनीवर निजवता येत नाही. नव्या पट्ट्या बांधल्या. गुरुसिद्धप्पानं वरून दाबून धरलं, बंडप्पानं दोरी ओढली. दुपारपर्यंत सगळी भोकं सरळ.

जयंतीला बसवण्णा पाळण्यात निजला. गाण्यात पुढं असणाऱ्या गंगम्मानं गजांवरून हात फिरवला. "मशीनचं काम ते मशीनचं! हातानं कुठं असं हुतंय?"

"अवो, ही भोकं बंडप्पाची..." गुरुसिद्धप्पानं तोंड उघडलं, पण बायकांनी पाळणा सुरू केला होता. कुणालाच ऐकू गेलं नाही.

खांबाला टेकलेल्या बंडप्पाला त्या दिवशी गाणं ऐकू आलं नाही. गुरुसिद्धप्पावरचा राग कधीच गेला होता. आता पोट दुखत होतं ते त्या लोखंडावरून. एका भोकाला शिवलं नाही, आणि नाव त्याचं!

"सोलापूरची मोटार उद्या कवा सुटती?" घरी येताच त्यानं शिवकांताला विचारलं.

"आता कशाला? त्या मशीनचा तुमाला उपेग न्हाय म्हणत हुता की."

"न्हाईच," बंडप्पा म्हणाला. "लहान हाय तेच घेतो. लोकांला दिसंल असं टेबलावर ठिवायचं. भोकं सामत्यानंच पाडायची."