डोक्याचा मान

फाल्गुनात वैनगंगेचं पाणी निवळून तळाचे गोटे दिसायला लागले, की चांद्याचा नवाब शिंपी आपली गळाची काठी तेल लावून पुसायचा आणि सावली गावाकडच्या मोटारीत बसायचा. पुढची वाट पायी. नदीकाठी सोमाजी ढिवराचा डोंगा त्याच्यासाठी दिवसभर ठरलेला असे. एका अख्ख्या मोहाच्या खोडातून कोरलेला तो डोंगा सोमाजीच्या बापानं केला होता. त्यात दोन माणसं ऐसपैस बसत, तिसरा असला तर त्यानं श्वास जपून घ्यावा.

भाड्यानं डोंगा नेणाऱ्यांसाठी सोमाजीच्या घराचा एक नियम होता आणि तो बापाच्याही बापापासून चालत आलेला. डोंग्यातून जो गळ टाकील, मासोळी त्याची. पण डोकं डोंग्याचं. आणि डोकं थाळी भरेल एवढं असलं, तर ते घरातल्या थोरल्यासमोर ठेवायचं. त्यानं पहिला घास घेतला की मग बाकीच्यांनी जेवायचं. ढिवराच्या घरात थोरलेपण म्हणजे आणखी काय असतं? शेत नाही, वाडा नाही. एक डोकं असतं माशाचं, तेही कधीमधी.

तेवढ्यावरूनच घर फुटलं होतं. सहा वर्षांपूर्वी नागपूरचा एक पाहुणा गळ टाकायला आला, त्याला मोठी मासोळी लागली आणि रस्सा शिजल्यावर तो म्हणाला, डोकं मला फार आवडतं. सोमाजीला काय वाटलं कोण जाणे. एवढा कोटवाला माणूस आपल्या अंगणात मांडी घालून बसला या आनंदात त्यानं डोकं उचलून पाहुण्याच्या पानात घातलं. थोरला भाऊ नानाजी तेव्हा हात धुऊन थाळीवर बसला होता. तो उठला, पुन्हा हात धुतले, जणू जेवण झालंच होतं, आणि दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन नदीपलीकडे सासुरवाडीला राहायला गेला.

सुरुवातीला सोमाजीला वाटलं, राग आहे, ओसरेल. मग त्यालाच राग आला. एका माशाच्या डोक्यासाठी माणूस सख्खा भाऊ सोडतो? पुढे नवाबभाईच्या गळाला दोनदा मोठी मासोळी लागली, दोनदा थाळीभर डोकं घरी आलं, पण सोमाजीनं ते पलीकडे पाठवलं नाही. स्वतःच्याही घशाखाली उतरेना. दोन्ही डोकी शेजाऱ्यांनी खाल्ली आणि सोमाजीच्या उदारपणाची वाखाणणी केली.

या वर्षी मात्र गाडं अडलं. सोमाजीची मुलगी भागीरथा हिचं लग्न चैत्रात ठरलं होतं, नदीपलीकडच्याच गावी. आणि या घरातली लेक सासरी जाते ती डोंग्यातून. डोंग्याचा बांबू धरतो तो घरातला थोरला. बापानं धरायचा नसतो, बापाचे हात कापतात म्हणतात. सोमाजीची बायको गुणाबाई अक्षता घेऊन पलीकडे जाऊन आली. नानाजीनं तिला चहा पाजला, पोरीची चौकशी केली आणि शेवटी म्हणाला, "ज्या दिवशी डोस्कं येईन, त्या दिवशी मी येईन."

"दोघंई एकाच मायचे," घरी येऊन गुणाबाई सोमाजीला म्हणाली. "एकाले झाकाव अन दुसऱ्याले काढाव. आता आन कुठून आनतं ते डोस्कं."

जाळ्यात येणाऱ्या मासळीची डोकी वाटीत मावतील एवढी. मोठी मासोळी उंबराच्या डोहात असते, खडकाच्या कपारीत, तिथे जाळं टाकलं की फाटतं. ती गळालाच यायची, आणि तसला गळ नवाबभाईकडे होता. म्हणून या फाल्गुनात सोमाजी नवाबभाईची जशी वाट पाहत होता तशी त्यानं जावयाचीही पाहिली नसती.

नवाबभाई आला तो उतरलेल्या चेहऱ्यानं. खांद्यावर काठी, हातात एक कापडी पिशवी. पिशवी त्यानं डोंग्यात कोरड्या जागी जपून ठेवली. "सुलतानानं भागीरथाची लग्नाची चोळी शिवली हाये," तो म्हणाला. सुलताना म्हणजे त्याची बायको. दर वर्षी भागीरथासाठी काही ना काही शिवून पाठवायची. "पडल्या पडल्या शिवली. मी म्हटलं नोको, ऐकत नाई. दोन महिन्यांपासून अंथरुनावर हाये. डागदर बोलत नाईत काई."

सोमाजीला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर त्याच्या डोक्यात तेव्हा एकच डोकं होतं. बांबू टेकवत डोंगा पाण्यात लोटला आणि त्यानं नवाबभाईला सगळं सांगून टाकलं: नानाजी, अक्षता, थाळी, पोरीची पाठवणी. "म्हून आज बारकं काई नोको," तो म्हणाला. "आज मोठीच पाह्यजे, नवाबभाई. तुमच्या हातात पोरीचं लगन हाये."

एवढं ऐकल्यावर नवाबभाई खुलेल असं त्याला वाटलं होतं. एरवी हा माणूस पाण्यावर आला की त्याची टकळी बंद होत नसे. पण आज तो गप्प झाला. गळाला लावायच्या कणकेच्या गोळ्यात पिकलं उंबर मळताना त्याचे हात मध्येच थांबत होते. आणि गळ टाकला तो कुठे? उथळात, वाळूच्या कडेला, जिथे पोरं गमछ्यानं मासे धरतात.

"भाऊ, तिथी काय हाये?" सोमाजी म्हणाला.

"राहू दे थोडा वेळ."

पुन्हा टाकला, पुन्हा उथळातच. बारीक मासळी गोळा कुरतडून गेली. सोमाजीचा जीव वरखाली होऊ लागला. ऊन चढलं की मोठी मासोळी तळाशी जाते, हे या माणसाला शिकवायचं का आता? "आज तुमचा हात कुठी गेला?" तो करवादला. नवाबभाई म्हणाला, "एखादी बारकी लागू दे आधी. मंग जाऊ डोहात." शकुन पाहतोय की काय हा, असं म्हणत सोमाजीनं आणखी थोडा दम धरला आणि मग काही न विचारता बांबू रेटून डोंगा सरळ उंबराच्या डोहात नेला.

पाणी तिथे काळंभोर. वरून एकेक उंबर टपकन पडायचं आणि खालून काहीतरी पांढुरकं हलायचं. नवाबभाईनं सोमाजीकडे एकदा पाहिलं. मग त्यानं गळ टाकला.

गोळा बुडाला असेल नसेल, काठी वाकली. काठीच्या फिरकीतून दोरी सुटली ती किंचाळतच. डोंगा गर्रकन वळला आणि सोमाजीनं दोन्ही पाय फाकवून बांबू खडकाच्या फटीत रोवला. मासोळीनं त्यांना डोहभर फिरवलं. ती कपारीकडे धावली की सोमाजी डोंगा आडवा घालायचा. नवाबभाई दोरी द्यायचा, घ्यायचा, पुन्हा द्यायचा. त्याच्या कपाळावरून घाम दाढीत उतरत होता. शेवटी ती दमली आणि कुशीवर झाली. सोमाजीनं ओणवं होऊन कल्ल्यात हात घातला आणि तिला डोंग्यात घेतलं.

दोघांच्या मधली सगळी जागा तिनं व्यापली. खवले शेरवानीच्या पितळी बटणांएवढे. आणि डोकं असं, की थाळीच काय, परात लागली असती. सोमाजी मोठ्यानं हसला. पोरीची वरात त्याला पाण्यावर दिसायला लागली, बांबू धरलेला नानाजीसुद्धा. त्यानं कमरेची सुरी काढली.

नवाबभाईनं मासोळीवर हात ठेवला.

"काय झालं?"

"मन्नत हाये माही," नवाबभाई खाली पाहत म्हणाला. "सुलतानासाठी. या वर्षी जी पयली जान गळाले लागंन, ती नदीले वापस. मन्नत बोलून दाखवत नाईत, म्हून बोललो नाई. मले वाटलं, पयली बारकी लागंन, ती सोडून देऊ, अन मंग मोठी तुही. म्हून उथळात टाकत होतो." तो थांबला. "पन डोस्कं डोंग्याचं, हा तुह्या घरचा कायदा हाये. तुही चीज मी कशी सोडू? तुले कापाचं तं काप. मी एक शबद बोलनार नाई."

सोमाजीचा संताप संताप झाला. पहिला नवाबभाईवर, की सकाळी एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं. मग स्वतःवर, कारण डोंगा डोहात त्यानंच लोटला होता. आणि मग नानाजीवर, जो पलीकडे बसून डोक्याची वाट पाहत होता, जशी काही डोकी झाडाला लागतात. मासोळीचे कल्ले उघडत मिटत होते. डोंग्याच्या बुडातल्या पाण्यात तिचं शेपूट फटफट आपटत होतं आणि पाणी उडून चोळीच्या पिशवीवर पडत होतं. नवाबभाईच्या ते ध्यानातच नव्हतं. सोमाजीनं पिशवी उचलून मांडीवर घेतली. आतली चोळी हाताला लागली, मऊ, नव्या खणाची.

पडल्या पडल्या शिवलेली.

बायको आजारी असलेल्या माणसाला सोमाजीनं कधी काही नाकारलं नव्हतं, पण तेव्हा मागणाऱ्यांना काय लागे, तर आजाऱ्याला नेताना बाजेचं टोक धरणारा एखादा हात. हे फार मोठं होतं. त्यानं सुरी कमरेला खोचली आणि नवाबभाईला, नदीला, मासोळीला, जी आठवली ती शिवी देत मासोळीला दोन्ही हातांनी पाण्यात धरलं. ती काही वेळ त्याच्या तळहातांवर तशीच राहिली. मग तिनं अंग वळवलं आणि गेली.

दुपार टळेपर्यंत दोघांनी डोह पालथा घातला. उंबरं पडत राहिली, खाली काही हललं नाही. ढवळलेल्या डोहात दुसरी लागत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं, पण थांबू कोण म्हणणार? शेवटी सोमाजीनं बांबू टेकला आणि डोंगा घराकडे न वळवता पलीकडच्या काठाकडे वळवला.

"कुठी?" नवाबभाईनं विचारलं.

"थोरल्याकडे."

"मी बोलतो त्याच्याशी."

"तुमी डोंग्यात बसा चुपचाप."

नानाजी काठावर पळसाखाली जाळं विणत बसला होता. सहा वर्षं हा डोंगा त्याच्यासमोरून जात होता आणि सहा वर्षं तो असाच जाळ्यात डोळे घालून बसत होता. सोमाजी चिखलातून वर चढला आणि त्याच्यापुढे उभा राहिला. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं, ते सगळं विसरला.

"भाऊ, डोस्कं आलतं."

नानाजीचा हात थांबला. मान वर झाली नाही, पण नजर सोमाजीच्या रिकाम्या हातांवर गेली. "कुठी हाये?"

"सोडलं." आणि सोमाजीनं सगळं सांगितलं, उथळापासून मन्नतीपर्यंत, आडपडदा न ठेवता. परात लागली असती, हेही सांगितलं. ते नसतं सांगितलं तरी चाललं असतं.

नानाजी जाळं फेकून उठला. "सोडलं? कोनाले इचारून सोडलं? ते डोस्कं माहं होतं! मागच्या बारीले तूच उचलून देल्लं, आताई तूच सोडून देल्लं! थोरला जित्ता हाये का मेला, हे तरी पाहाचं होतं!"

तो ओरडत राहिला. हातवारे करत, थुंकी उडवत. पलीकडच्या काठावरच्या बगळ्यांनीही जागा सोडली. आणि सोमाजी खाली मान घालून ऐकत होता. सहा वर्षांत भावाचा आवाज त्याच्यासाठी निघाला नव्हता. तो रागाचा आहे की कशाचा, याची त्याला पर्वा नव्हती. बोल, म्हणत होता तो मनात, आणखी बोल.

नानाजी दमला तेव्हा सोमाजी म्हणाला, "चुकलं भाऊ. तुमाले इचाराले पाह्यजे होतं. दोन्ही बारीले."

नानाजी धापा टाकत उभा होता. त्यानं खाली डोंग्याकडे पाहिलं. नवाबभाई तिथे डोक्यावरची टोपी सारखी करत, पिशवी मांडीवर घेऊन, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा बसला होता.

"मंग इचार," नानाजी म्हणाला.

"काय?"

"इचार म्हनतो ना आता. इचारल्याबिगर काई होत नसते."

सोमाजीला कळायला थोडा वेळ लागला. मग त्यानं पागोटं सारखं केलं, हात जोडले आणि घसा खाकरला. "भाऊ, नवाबभाईची बायको बिमार हाये. त्याची मन्नत हाये. मासोळी सोडू का?"

नानाजीनं नदीकडे बघितलं, उंबराच्या झाडाकडे बघितलं. थोरल्या माणसानं घेतला पाहिजे तेवढा वेळ त्यानं घेतला.

"सोड," तो म्हणाला.

आणि तो चिखलातून खाली उतरला. डोंग्यात पाय टाकण्याआधी त्यानं वाकून डोंग्याच्या कडेवरून तळहात फिरवला, बापानं तासलेल्या जागेवरून. मग मागच्या टोकाला उभा राहिला. "बांबू आन इकडे," तो म्हणाला. "चैत्रात पानी आटते. पोरीले कुठून न्याचं ते पाहून ठेवाले लागंन."

सोमाजीनं बांबू त्याच्या हातात दिला आणि पुढे जाऊन नवाबभाईच्या शेजारी, लहानपणी बसायचा त्या जागी, गुडघे पोटाशी घेऊन बसला. तिघांच्या वजनानं डोंगा काठापर्यंत बुडला. तिघांनीही श्वास जपून घेतला.

"डोंग्याले तेल काऊन नाई लावलं?" मागून नानाजी म्हणाला.

"लावतो, भाऊ," सोमाजी म्हणाला. मागे वळून पाहायचा त्याला धीर झाला नाही, कारण डोळे पुसायला हात मोकळे नव्हते. चोळीची पिशवी नवाबभाईनं त्याच्या हातात दिली होती.