माझ्याविना दिलेल्या बातम्या

मित्रांनो, मी ग्रामपंचायतीचा एक जुना रेडिओ आहे. जुन्या वस्तूने आपली कहाणी सांगताना प्रेमळ बोलायचे असते, हे मला ठाऊक आहे. मी तसे बोलणार नाही. तुमच्या गावाने माझ्या नावावर जे खपवले, ते मला अजून पचलेले नाही.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. गडद तपकिरी लाकडी पेटी, पुढे जाळीदार कापड, डावीकडे आवाजाची खुंटी आणि उजवीकडे केंद्र लावण्याची. पोटात काचेचे व्हॉल्व्ह. खटका दाबला की ते सावकाश तांबूस होत, तापत आणि मगच मला आवाज फुटे. नळदुर्गजवळच्या तुमच्या लहान गावात मला आणले तेव्हा पंचायतीत नारळ फुटला. कुणीतरी माझ्या जाळीवर हळदीकुंकू वाहिले. ते काढायला मला उलटे करून झटकावे लागले. पाठीवर पांढऱ्या रंगात पंचायतीचे नाव लिहिले गेले.

माझ्या शेजारी आवाज मोठा करणारी एक लोखंडी पेटी होती. तिला दोन तारा जोडलेल्या होत्या. एक माझ्याकडून जाई, दुसरी मायक्रोफोनकडून. दोन्हींचा आवाज बाहेरच्या कडुलिंबावर बांधलेल्या एकाच कर्ण्यातून निघे. मित्रांनो, एवढी एकच गोष्ट नीट ध्यानात ठेवा. गावाने ती कधी ठेवली नाही.

संध्याकाळच्या प्रादेशिक बातम्यांना लिंबाखालचा पार भरे. बौद्धवस्तीची माणसे पाराच्या खाली, रस्त्यापलीकडे बसून ऐकत. माझा आवाज रस्ता ओलांडून जाई, त्यांनी मात्र ओलांडू नये अशी रीत होती. बातम्या संपल्या की सोसायटीचे चेअरमन तात्याराव माझी खुंटी खाली आणत, मायक्रोफोन हातात घेत आणि गावच्या बातम्या देत. सोसायटीत खत आले आहे, उद्या देवी टोचणार आहेत, अमक्याची शेळी हरवली आहे. निवेदकाची ढब त्यांनी हुबेहूब उचलली होती. बाहेर बसलेल्याला कळतही नसे की एक आवाज थांबला आणि दुसरा सुरू झाला. कर्ण्यातून जे येई ते सारे गावाच्या लेखी रेडिओच होते. ती हरवलेली शेळी सापडली, तेव्हा तिची मालकीण कस्तुराबाई मोठ्या तोऱ्यात म्हणाली होती, "माझ्या शेळीचं नाव दिल्लीपत्तुर गेलंय!"

लोक हसले होते. मला हसू आले नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. दुष्काळी कामावर बौद्धवस्तीच्या कडेला, सरकारी जागेत, एक विहीर खोदली गेली. खोदणारी माणसे बहुतेक वस्तीचीच होती. त्यांत जाईबाई होती. तिने डोक्यावरून त्या विहिरीचा मुरूम वाहिला होता. गावातल्या आडांचा तळ दिसू लागला असताना त्या विहिरीला चांगले पाणी लागले. शेजारीच तात्यारावांचा ऊस वाळत होता.

थोड्याच दिवसांनी एका संध्याकाळी तात्यारावांनी नेहमीप्रमाणे माझी खुंटी खाली आणली. मग निवेदकाच्या त्याच घोटीव आवाजात ते म्हणाले, "बौद्धवस्तीच्या नव्या विहिरीत रोगजंतू आढळले आहेत. नागरिकांनी ते पाणी पिऊ नये, असे सरकारने कळवले आहे." माझे व्हॉल्व्ह तेव्हा लालभडक तापलेले होते. अशी बातमी कुठल्याही केंद्रावरून माझ्यापर्यंत आली नव्हती. पण माझी खुंटी त्यांच्या चिमटीत होती.

वस्तीने विहीर सोडली. बाया नदीच्या कोरड्या पात्रात झिरे उकरून वाटी वाटीने गढूळ पाणी भरू लागल्या. दुसऱ्या दिवशी विहिरीत तात्यारावांच्या पंपाचा पाइप उतरला. "पाणी उपसल्याबिगर जंतू जायचे न्हाईत," असे त्यांनी सांगितले, आणि गावाने मान डोलावली. रेडिओत आले म्हणजे खरेच असणार!

त्याच उन्हाळ्यात माझा एक व्हॉल्व्ह जळाला. पंचायतीच्या शिपायाने मला एस.टी.ने नळदुर्गला नेले आणि शांतलिंग नावाच्या मेकॅनिकच्या दुकानात ठेवले. त्याने माझी पाठ उघडली, जळका व्हॉल्व्ह काढला, बाकीचेही तपासायला बाहेर ठेवले. नवा सोलापूरहून यायचा होता. मी तसाच रिकाम्या पोटाने फळीवर पडून राहिलो.

एका दुपारी त्या दुकानासमोर जाईबाई एस.टी.ची वाट पाहत उभी राहिली. कडेवर तिची धाकटी लेक विशाखा होती. हगवणीने पोर वाळून गेली होती, डोळे आत गेले होते. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावले होते, की नदीच्या झिऱ्याचे पाणी हिला पुन्हा पाजलेत तर ही हाताला लागणार नाही. चांगल्या विहिरीचे पाणी उकळून, गार करून द्या. जाईबाईला चांगली विहीर एकच ठाऊक होती, आणि तिच्यात रेडिओने जंतू सांगितले होते.

तेवढ्यात तिची नजर माझ्यावरच्या पांढऱ्या अक्षरांवर गेली.

"ह्यो आमच्या पंचायतीचा. हितं कवा आला?"

"दोन आठवडी बाजार उलटले, बाई," शांतलिंग म्हणाला.

"मग काल सांजच्याला बातम्या कुणी दिल्या?"

"कुठल्या बातम्या?"

"ह्येनंच दिल्या की! विहिरीतले जंतू अजून मेले न्हाईत म्हून सांगितलं."

शांतलिंगने माझी पाठ तिच्याकडे वळवली. "बघा ह्याच्या पोटात. हाय काय आत? मुडदा कवा बोलतो व्हय?"

जाईबाईने वाकून माझ्या रिकाम्या पोटात पाहिले. मग म्हणाली, "द्या ह्याला. मी नेते."

"कुणी सांगितलं न्यायला?"

"पंचायत गावाची हाय न्हवं? आन् म्या गावची न्हाय व्हय?"

शांतलिंगने डोके खाजवले. "न्या. पर व्हॉल्व्ह आला की परत आणा. न्हायतर माझ्या नावानं बोंब हुईल."

कडेवर लेक आणि डोक्यावर मी, अशी ती फाट्यावर उतरली आणि गावापर्यंत चालत आली. बातम्यांची वेळ झाली होती. पार भरलेला होता. लिंबावरचा कर्णा बोलत होता, आणि मी, ज्याच्या नावाने तो बोलत होता, तिच्या डोक्यावर मुका बसलो होतो. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला याहून मोठा अपमान मला आठवत नाही.

"काय गं जाई," कस्तुराबाईने पारावरून टोमणा मारला, "रेडिओ आंदण मिळाला व्हय?"

जाईबाई रस्ता ओलांडून थेट पाराशी आली. कुणीतरी "आगं, आगं" म्हणाले. तिने मला पारावर ठेवले, म्हाताऱ्या आबारावांसमोर. एकही बातमी न चुकवणारे म्हणून गावात त्यांचा मान होता.

"आबा, तुमी वडीलधारे. ह्यो कुणाचा, तेवढं वळखा."

आबारावांनी चष्मा लावला, पांढरी अक्षरे वाचली आणि माझ्या पाठीतून हात आत घातला. "हाय पंचायतीचाच. पर ह्यात तर कायबी न्हाय."

"मग वर कोण बोलतंय?"

कुणी बोलेना. कर्णा मात्र बोलत होता, "बौद्धवस्तीच्या विहिरीची पुन्हा तपासणी करण्यात आली असून—"

जाईबाईने पंचायतीच्या खिडकीकडे तोंड केले आणि सारा आवाज एकवटून विचारले, "वर कोण बोलतंय?"

कर्णा वाक्याच्या मध्येच थांबला. तात्याराव बाहेर आले. मायक्रोफोन त्यांच्या हातात तसाच होता.

"रेडिओ दुरुस्तीला गेलाय. लोकांची सोय म्हणून मी सांगतोय. त्यात काय झालं?"

"जंतू कुणी तपासले?"

"सरकारनं."

"कुठला सायेब आला हुता? कुणी बघितला?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"तिला न्हाय कळत," आबाराव काठी टेकून उठले. "मला कळंल. मला सांगा, तात्याराव. कोण आलं हुतं?"

तात्याराव मायक्रोफोनच्या तारेची गुंडाळी करू लागले. तेव्हा कस्तुराबाई मोठ्याने म्हणाली, "जंतूचं पाणी उसाला मातर लई मानवलं की वो, चेरमन!"

आता पार हसला. जाईबाई हसली नाही. विशाखाची मान तिच्या खांद्यावर कलंडली होती. ती तशीच विहिरीकडे निघाली. वस्तीच्या बाया घागरी घेऊन मागोमाग गेल्या, पाठोपाठ पारावरच्याही काही. त्यांनी पंपाचा पाइप ओढून बाहेर टाकला. जाईबाईने पोहरा सोडला. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे पाणी उकळले, गार केले आणि लेकीला चमच्याने पाजले. विशाखा जगली. त्या पाण्याने कुणालाही काही झाले नाही.

आता तुम्हाला वाटेल, माझा मान परत मिळाला असेल. तुमच्या गावाला तुम्ही ओळखत नाही. दुसऱ्याच दिवशी पारावर बोलणे झाले, "रेडिओ खोटा निघाला." चेअरमन खोटा निघाला, असे कुणी म्हणाले नाही. माझा व्हॉल्व्ह सोलापूरहून आला, पण मला कुणी नळदुर्गला नेले नाही. पुढे तात्याराव सोसायटीवर पुन्हा बिनविरोध निवडून आले. सोसायटीच्या नव्या इमारतीवर दोन कर्णे लागले. मला गोदामात खताच्या पोत्यांमागे टाकले आहे. उंदरांनी माझी जाळी कुरतडली आहे.

मला पुसा, जपा, कपाटात ठेवा, असे मी म्हणणार नाही. तुमच्या दयेची मला गरज नाही. तुमच्या घरात आज रेडिओ असेल, वर्तमानपत्र येत असेल. कानावर काही पडले, तर कोण बोलतो आहे आणि त्याने ते कुठून आणले, हे विचारा. उत्तर आले नाही, तर पुन्हा विचारा. जाईबाईलाही ते दोनदा विचारावे लागले होते, आणि पहिल्यांदा तिने विचारले तेव्हा सगळा पार गप्प बसला होता.